कर्जत ते लोणावळा: घाट चढणाऱ्या गाड्यांच्या फोटोंसाठी एक दिवस

बोरघाटात फोटो काढायला येणारे बहुतेक जण पुढच्या इंजिनाचा फोटो घेतात आणि कॅमेरा खाली करतात. इथे तसं करू नये. 37 फुटांमागे एक फूट असा हा चढ आहे, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात: दोन किंवा तीन वॅग-7 इंजिनं, लोणावळ्यापर्यंत ढकलत नेणारी. एका गाडीचे दोन फोटो मिळतात, आणि दुसरा अनेकदा पहिल्यापेक्षा सरस असतो.

मुंबईहून सकाळची कर्जत लोकल घ्यावी. रविवार शक्यतो टाळा, मेगाब्लॉक असला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. कर्जतला उतरल्यावर प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला जा, कारण बँकर गाडीच्या शेपटीला लागतात. इंजिनं अगदी सावकाश मागे येतात, झेंडी दाखवणारा कर्मचारी बाजूला उभा असतो, कपलर, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणारे हूक, एकमेकांत बसल्याचा आवाज येतो, मग हवेचे पाइप जोडले जातात. सगळं काही मिनिटांत उरकतं. कर्मचाऱ्यांच्या वाटेत येऊ नका, पिवळ्या रेषेच्या मागे राहा, फ्लॅश बंद ठेवा. गाडी उभीच असल्यामुळे डब्यावरच्या एलईडी पाट्याही इथेच टिपून घ्या. शटर 1/100 सेकंदाच्या आसपास ठेवलं तर अक्षरं पूर्ण येतात; 1/500 ला ती तुटक दिसतात, कारण त्या पाट्या सतत उघडझाप करत असतात. वंदे भारतला बँकर लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी या टोकाला थांबण्यात अर्थ नाही.

पुढचा मुक्काम पळसदरी, आणि दिवसाचा मोठा भाग इथेच घालवावा. खोपोली लोकल इथे थांबते, पण ती मोजकीच आहे. परतीची वेळ आधी बघून ठेवा. इथे रूळ जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत. घाट चढणाऱ्या, म्हणजे डाऊन गाडीचं तोंड दक्षिणेला असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे या गाड्यांच्या नाकावर दिवसभर ऊन मिळतं. सकाळी पूर्वेच्या बाजूला उभं राहावं, दुपारनंतर पश्चिमेच्या. फक्त अगदी सकाळी डोंगराची सावली रुळांवर असते. ती सरल्याशिवाय कॅमेरा काढायची घाई नको. त्याच दिवसांत बँकरचं तोंड उत्तरेला, म्हणजे सावलीत. मागचा फोटो घेताना एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. मे-जूनच्या संध्याकाळी उलट होतं: ऊन वायव्येकडून येतं आणि बँकर, तसंच मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या, झळाळून निघतात.

दख्खनची राणी सगळ्यांनाच हवी असते. पण मुंबईहून 17:10 ला सुटलेली ही गाडी कर्जतला पोहोचते पावणेसातच्या सुमारास. डिसेंबरात तेव्हा काळोख असतो, जुलैत ढग. स्वच्छ उजेडात ती इथे हवी असेल तर मे महिना गाठावा लागतो, आणि तेव्हा डोंगर करपलेले असतात. हिरवळ आणि ऊन दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि राणीचा हट्ट सोडून दुपारच्या कोणार्क एक्स्प्रेसवर समाधान मानावं. आमच्या मते तो सौदा फायद्याचाच आहे.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. चढावर गाड्या हळू असतात, 1/500 आणि एफ 8 पुरतं; पॅनिंगला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्यायला, 1/60. मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर हेडलाइट पाहून कॅमेरा फसतो आणि बाकी गाडी काळवंडते. शटर मेकॅनिकल हवं, इलेक्ट्रॉनिकवर पॅन केलं की ओएचईचे, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांचे, खांब तिरके पडतात. नाक कुठे आलं की बटण दाबायचं ते आधी ठरवा: दोन खांबांच्या मधली जागा, जिथे पेंटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) कापला जात नाही आणि खांब इंजिनाच्या तोंडावर येत नाही. त्या ठिकाणच्या खडीवर फोकस करून तो लॉक करा.

चार-पाच जण असाल तर जागा गाडी येण्याआधी वाटून घ्या. रुंद लेन्सवाला पुढे बसतो, लांब लेन्सवाले मागे उभे राहतात, आणि गाडी दिसल्यावर कोणी पुढे सरकत नाही. एकाने फक्त मोबाइलवर गाड्यांचं रनिंग बघावं आणि पाठीमागच्या रुळाकडे लक्ष ठेवावं. घाटात तीन मार्ग आहेत आणि मधल्यावरून गाडी कुठल्याही दिशेने येऊ शकते. चढणाऱ्या गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही.

घाटातल्या ठाकूरवाडी, जांबरूंग, मंकी हिल इथले जुने फोटो पाहून रुळांतून चालत जायचा मोह होतो. जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात अंग चोरायला जागा नसते. ती ठिकाणं गाडीच्या खिडकीतून बघावीत. ओएचईत 25,000 व्होल्ट असतात, म्हणून पुलावरून मोनोपॉड किंवा छत्री बाहेर काढायची नाही. ड्रोन घरीच ठेवा. स्टेशन मास्तरांना आधी सांगितलेलं बरं. जवळ ओळखपत्र आणि तिकीट असू द्या. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपयांचं, पण ते दोनच तास चालतं.

लोणावळ्याला जायला पुन्हा कर्जत गाठून एक्स्प्रेस धरा, मधे लोकल नाही. तिकडे बँकर सुटताना दिसतात. खंडाळा स्टेशन रस्त्याने जवळ आहे, पण पावसाळ्यात धुकं इतकं असतं की ऑटोफोकस भिरभिरत राहतो. तिथेही खांबावर मॅन्युअल फोकस. एसी गाडीतून उतरलात तर बॅग न उघडता वीस मिनिटं थांबा, नाहीतर लेन्सवर आतूनही दव धरतं. परतीच्या बऱ्याच गाड्या कर्जतला थांबत नाहीत, तेव्हा तिकीट थेट कल्याण, ठाणे किंवा दादरचं काढा.