मेन बंद केला, तरी सुटेना

रविवारी सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे एमआरआयचा टेक्निशियन. एमआरआय मशीन दुरुस्त करायच्या आमच्या कामात अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो, तो विचारला: "कोणी अडकलंय का?"

"माणूस नाही सर. फरशी घासायचं मशीन अडकलंय. पेशंट आत जातो त्या नळीच्या, बोअरच्या तोंडाला जाऊन चिकटलंय. पोरगं हात सोडून बाजूला झालं म्हणून वाचलं."

"लाल बटण दाबलं नाही ना कोणी?"

"नाही सर. मेन बंद केलाय आम्ही सगळा. तरी सुटत नाहीये."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी चहा तसाच टाकून बॅग उचलली. गाव पुण्यापासून चार तासांवर. वाटेत फोनवर सांगत राहिलो की चिलर आणि कॉम्प्रेसर आधी सुरू करा, बाकी सगळं बंद राहू द्या. चिलर अलार्मवर अडकला होता, रीसेट होईना, आणि चिलरचं गार पाणी फिरल्याशिवाय कॉम्प्रेसर चालत नाही.

एमआरआयचं चुंबक विजेवर चालतं असं बहुतेकांना वाटतं. डॉक्टरांनाही वाटतं, हे मी अनुभवाने सांगतो. कॉम्प्युटर, अँप्लिफायर, पेशंटचं टेबल हे सगळं विजेवरच आहे. चुंबक मात्र मशीन बसवताना एकदाच चार्ज करतात. नायोबियम-टायटॅनियमच्या कित्येक किलोमीटर तारेच्या वेटोळ्यांत चारशेच्या वर अँपिअर प्रवाह सोडायचा, तारेची दोन्ही टोकं आतल्या आत जोडून टाकायची आणि बाहेरचा पॉवर सप्लाय काढून घरी न्यायचा. प्रवाह फिरत राहतो, वर्षानुवर्षं. त्यासाठी तार गार राहिली पाहिजे, उणे २६९ अंश सेल्सिअसला, म्हणून ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. वीज लागते ती हा हेलियम गार ठेवणाऱ्या कोल्ड हेडला आणि त्याला चालवणाऱ्या कॉम्प्रेसरला. म्हणजे त्या मंडळींनी मेन बंद करून चुंबकाचं काहीच वाकडं केलं नव्हतं, फक्त त्याला जिवंत ठेवणारी एकमेव गोष्ट बंद केली होती.

पोचलो तेव्हा स्कॅनिंग रूममध्ये शिरण्याआधीच कळलं की काहीतरी चुकतंय. कोल्ड हेडचा तो चिर्र-चिर्र ठेका चोवीस तास चालू असतो, तो नव्हता. हेलियमचा दाब चढलेला, पातळी अजून बरी होती. हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन आणि मी आधी चिलरला भिडलो. पाण्याचा फ्लो स्विच अडकला होता. तो मोकळा झाला, कॉम्प्रेसर घुमायला लागला, कोल्ड हेड बोलायला लागलं, आणि मग मी आत जाऊन ते प्रकरण पाहिलं.

पॉलिशिंग मशीन, जाड मोटरचं, बोअरच्या काठावर तिरकं चिकटलेलं. आतमध्ये ओढलं गेलं नव्हतं, कारण लोखंडाला सगळ्यात जास्त ओढ बोअरच्या तोंडाशी लागते. चुंबकीय क्षेत्र जिथे झपाट्याने बदलतं तिथे ओढ. अगदी मधोमध क्षेत्र एकसारखं असतं, तिथे जवळजवळ काहीच ओढ नाही. या चुंबकाचं क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास ३५ हजार पट. वॉर्डबॉय लोकांनी दोर बांधून ओढून पाहिलं होतं. ते थांबवलं हे बरं झालं, अर्धवट सुटून परत आदळलं असतं तर कव्हरमागची बॉडी कॉइल, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारं वेटोळं, फुटली असती.

प्रशासकीय अधिकारी दारात उभे. "साहेब, ते लाल बटण कशासाठी आहे मग? दाबा ना. उद्या सकाळी बावीस पेशंट आहेत."

मी म्हटलं, माणूस चिरडला जात असता तर मी येण्याची वाट न बघता तुम्हीच दाबायचं. यंत्रासाठी नाही.

लाल बटण म्हणजे क्वेंच. त्याने वेटोळ्यात एक छोटा हीटर पेटतो. तारेचा एक तुकडा काही अंशांनी तापतो आणि त्याची अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण, जाते. तिथे रोध निर्माण झाला की चारशे अँपिअर तिथे उष्णता करतात, शेजारची तार तापते, आणि वणवा पसरावा तसं काही सेकंदांत अख्खं वेटोळं साधी तार होऊन बसतं. चुंबकात साठलेली काही मेगाज्यूल ऊर्जा हेलियमच्या डोक्यावर. द्रव हेलियमचा वायू झाला की तो सातशे पटींहून जास्त फुगतो. तो छतावरच्या क्वेंच पाइपातून बाहेर जायला हवा. पाइपात पाणी साचलं असेल, कबुतराने घरटं केलं असेल, तर तो खोलीत येतो, ऑक्सिजन हटवतो, आणि दार आत उघडणारं असेल तर दाबामुळे ते उघडतही नाही. हेलियम आपल्याकडे बहुतेक सगळा बाहेरून येतो, त्यामुळे पुन्हा भरायचं बिल ऐकून माणूस खाली बसतो. शिवाय झटक्याने तार दुखावते ती वेगळीच.

(हेलियमचा विषय निघाला की आमच्याकडचं कोणीतरी विजयदुर्ग किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'चा, म्हणजे ग्रहण बघायचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चौथऱ्यांचा, विषय काढतंच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध तिथे लागला म्हणतात. पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन त्या दिवशी आंध्रात गुंटूरला होता, आणि इंग्रज लॉकयरने सूर्याच्या वर्णपटातली ती अनोळखी पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून पाहिली. अभिमान बाळगावा, पण जरा बेतानं.)

ठरलं की क्वेंच नाही, रॅम्प डाउन करायचं, म्हणजे चुंबकातला प्रवाह हळूहळू उतरवायचा. मुंबईहून पॉवर सप्लाय आणि मॅग्नेटवालं माणूस संध्याकाळपर्यंत येणार होतं. तोवर मी आणि इलेक्ट्रिशियन सुताराकडून लाकडाचे ठोकळे आणून पॉलिशरखाली रचत बसलो. क्षेत्र कमी झालं की ते मशीन खाली पडणार, आणि पडताना काय काय घेऊन जाईल सांगता येत नाही. वरून नायलॉनचे पट्टे. एकही खिळा नाही, एकही साखळी नाही.

इलेक्ट्रिशियन चाळिशीचा, आयटीआय केलेला, हाताने पक्का. ठोकळे लावता लावता म्हणाला, "सर, एक पटत नाही. चारशे अँपिअर त्या केसासारख्या तारेतून. आय स्क्वेअर आर एवढी उष्णता. ती जळत कशी नाही?"

"आर, म्हणजे रोधच शून्य आहे."

"शून्य म्हणजे एकदम कमी?"

"एकदम कमी नाही. शून्य."

तो हसला. मला त्याचा संशय आवडला. १९११ साली लायडनला कामरलिंग ओन्नेसच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनच्या, म्हणजे त्याच उणे २६९ अंश सेल्सिअसच्या, आसपास गार केला आणि रोध एकदम नाहीसा झाला, तेव्हा आधी त्यांनाही कुठेतरी शॉर्ट झालंय असंच वाटलं होतं. आणि असं का होतं हे नीट सांगायला १९५७ उजाडावं लागलं. ते सांगितलं बार्डीन, कूपर आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की त्या थंडीत इलेक्ट्रॉन एकेकटे राहत नाहीत, जोड्या करतात, आणि सगळ्या जोड्या मिळून एकच क्वांटम अवस्था होते. साध्या तारेत इलेक्ट्रॉन धातूच्या हलत्या अणूंवर आपटतो, ऊर्जा गमावतो, तीच उष्णता. इथे एका जोडीला वेगळं काढायचं तर किमान एक ठरावीक ऊर्जा मोजावी लागते, त्याहून कमी चालत नाही. चार केल्विनला अणूंची थरथर इतकी क्षीण असते की ती किंमत कोणाकडे नसते.

बी.एस्सी.ला हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. क्वांटम म्हणजे अणूएवढ्या जागेतली भानगड, डब्यात कोंडलेला कण, श्रोडिंगरचं ते मांजर वगैरे. नोकरीला लागल्यावर कळलं की इथे माणूस झोपू शकेल एवढ्या नळीभोवती ती अवस्था गुंडाळलेली आहे. अतिवाहक कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय फ्लक्सचं माप वाटेल तेवढं असू शकत नाही, ठरावीक एककाच्या पूर्ण पटीतच असतं, हे १९६१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मोजून दाखवलं. आणि त्या एककाच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचा भार दुप्पट धरावा लागतो, म्हणजे फिरतायत त्या जोड्याच. अशा प्रवाहाला हळूहळू झिरपत जायला जागाच नसते. मेन काढून तो थांबत नाही याचं खरं कारण हे.

रात्री आठला पॉवर सप्लाय जोडला. ही प्रक्रिया मला आजही थोडी जादूची वाटते. आधी सप्लायमधून बरोबर तेवढाच प्रवाह सोडायचा जेवढा आत फिरतोय. मग आतल्या टोकांच्या जोडावरचा स्विच उघडायचा. हा स्विच म्हणजे तरी काय, अतिवाहक तारेचाच तुकडा आणि त्याला गुंडाळलेला हीटर. चार केल्विनचा तो दहाच्या वर नेला की तो अडथळा बनतो आणि प्रवाह आपली वाट बदलून सप्लायमध्ये येतो. मग हळूहळू आकडा उतरवायचा. घाई केली तर क्वेंच आपणहून होतो. खोलीचं दार उघडं, ऑक्सिजन मॉनिटर चालू, नळ्यांच्या तोंडाला बर्फाची शेवाळं धरलेली.

क्षेत्र अर्ध्याखाली गेलं तसं पॉलिशरचं वजन पट्ट्यांवर यायला लागलं. लाकूड करकरलं. इलेक्ट्रिशियन आणि दोन वॉर्डबॉय हाताने धरून उभे होते. आणखी काही वेळाने ते सरळ ठोकळ्यांवर बसलं आणि चौघांनी उचलून बाहेर नेलं. कव्हर फुटलं होतं, आतली बॉडी कॉइल वाचली. साफसफाईच्या पोराला ठेकेदार बाहेर शिव्या देत होता. मी त्याला थांबवलं. आदल्या संध्याकाळी मशीन बंद केलंय हे त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, दिवे गेलेले, पंखे थांबलेले. दारावरची पाटी इंग्रजीत आणि अर्धी कॅलेंडरने झाकलेली. त्याच्या जागी मीही आत गेलो असतो.

चढवण्याचं काम दुसऱ्या दिवशी. चुंबक पुन्हा भरलं, स्विच गार करून बंद केला, सप्लाय काढला. मग शिमिंग, म्हणजे क्षेत्र एकसारखं करून घेणं. त्या नळीच्या मधल्या भागात क्षेत्र दहा लाखांत काही भाग एवढ्यापुरतंच इकडेतिकडे चालतं. इतकी कटकट कशाला, तर शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचे प्रोटॉन क्षेत्रानुसार ठरलेल्या वारंवारतेलाच दाद देतात, दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. क्षेत्र जरा हललं की चित्र वाकडं. प्रोटॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं बारीकसं चुंबकच म्हणा, क्षेत्राच्या दिशेने किंवा उलट, दोनच पातळ्या. अंगाच्या तापमानाला दोन्हींत गर्दी जवळजवळ सारखीच. दीड टेस्लाला खालच्या पातळीतले जास्तीचे किती, तर दहा लाखांत सुमारे पाच. उरलेले एकमेकांना खोडून टाकतात. सगळं चित्र त्या पाचांच्या जोरावर निघतं, ते निघतं कारण पेलाभर पाण्यातसुद्धा प्रोटॉन अगणित असतात.

पाण्याचा फँटम, म्हणजे चाचणीसाठीचा पाण्याने भरलेला डबा, ठेवला. ६३.८ मेगाहर्ट्झच्या आसपास शिखर उमटलं, बारीक आणि उंच. इलेक्ट्रिशियन मागून स्क्रीन बघत होता. "हे ते पाच?"

"हेच ते."

रेडिओलॉजिस्ट मॅडम दुपारपासून दर अर्ध्या तासाने डोकावत होत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी पहिला पेशंट घेतला, कंबरदुखीने महिनाभर आडवे पडलेले एक आजोबा. टेक्निशियनने त्यांच्याकडून चष्मा, करदोट्याची किल्ली आणि चुन्याची पत्र्याची डबी काढून घेतली. डबी देताना त्यांनी बरीच कुरकुर केली. वीस-पंचवीस मिनिटांत एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांच्या मधली गादी सरकलेली स्वच्छ दिसली, आणि मॅडमनी मला विचारलं की बाकीचे एकवीस उद्या बसतील ना.