विमानाच्या इंजिनाचा इंधनपंप बदलला, त्याची हकिकत

आमच्या संस्थेचे चार आसनांचे पायपर विमान उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरले, तेव्हा वैमानिकाची तक्रार एवढीच होती की, उड्डाण झाल्यावर विजेवरचा पंप बंद केला की इंधनदाबाचा काटा घसरतो आणि पंप पुन्हा चालू केला की जागेवर येतो. मी देखभालीचा परवानाधारक अभियंता आणि घर कोल्हापुरातच, त्यामुळे काम ओघानेच माझ्याकडे आले.

या विमानाचे पंख धडाच्या खालच्या अंगाला असतात आणि टाक्या पंखांतच असतात. वरच्या पंखांच्या कार्ब्युरेटरवाल्या सेसनामध्ये इंधन आपल्या वजनानेच खाली येते. इथे मात्र ते वर खेचावे लागते. ते काम इंजिनावरचा यांत्रिक पंप करतो, आणि उड्डाण, अवतरण व टाकी बदलणे अशा नाजूक वेळी त्याच्या जोडीला विजेवरचा पंप लावतात. एप्रिलची दुपार असल्याने तापलेल्या नळ्यांमध्ये इंधनाची वाफ धरली असेल अशी शंका प्रथम आली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावरही काटा तसाच घसरला, आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडल्यावर यांत्रिक पंपाच्या निचरा नळीच्या तोंडाशी ॲव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, निळा डाग दिसला. ही नळी पंपातला डायाफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, फाटला की इंधन इंजिनात न जाता बाहेर पडावे यासाठीच ठेवलेली असते. तरीही तेलाची पट्टी काढून वास घेतला. तेलात इंधन उतरलेले नव्हते.

लायकॉमिंग कंपनीच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या आयडलर गिअरवरील (मधल्या दातेरी चाकावरील) कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, एका प्लंजरला (सरकत्या दट्ट्याला) खाली ढकलतो, प्लंजर पंपाचा तरफेसारखा दांडा दाबतो आणि दांडा डायाफ्राम ओढतो. इंधन पुढे ढकलण्याचे काम मात्र स्प्रिंग करते. म्हणून दाब इंजिनाच्या वेगावर नव्हे, तर स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. आमच्या इंजिनासाठी ०.५ ते ८ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ही मर्यादा आहे. जुन्या ॲम्बॅसेडर गाडीचा पंप ज्याने उघडला आहे, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल.

नवा पंप मागवण्याचे काम कागदांमुळे लांबले. पंपासोबत एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेचे, ८१३०-३ प्रमाणपत्र आले, त्यावरचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पंपावरील पाटीशी जुळवून पाहिल्याशिवाय तो इंजिनाला लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पंप दोनच बोल्टांवर बसतो. पण ते बोल्ट इंजिनाच्या मागच्या बाजूला, मॅग्नेटोंच्या (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रांच्या) खाली, फायरवॉलपासून (इंजिनामागच्या अग्निरोधक पडद्यापासून) हातभर अंतरावर, तेही नळ्यांच्या गर्दीत असतात. एका बोल्टावर साधा अर्धा इंची पाना बसे, पण फिरायला जागा नसे. शेवटी शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडे जुना पाना घेऊन गेलो. त्यांनी तो गॅसवर तापवून मानेत वाकवला, तोंडाची कड ग्राइंडरवर पातळ केली आणि म्हणाले, “साहेब, पाना कशाला, पंपच देतो की बनवून!” त्यांनी तो खरोखरच बनवला असता, याबद्दल मला शंका नाही. पण प्रमाणपत्राशिवाय साधा वॉशरही विमानावर चढत नाही, हे त्यांना पटवताना चहा दोनदा झाला.

प्रत्यक्ष कामाआधी इंधनाची कळ बंद केली, बॅटरी सोडवली आणि विमानाला अर्थिंगची तार लावली. मॅग्नेटोचा स्विच बंद असला, तरी त्याची तार कुठे तुटलेली असल्यास पंखा हलवताच इंजिन ठिणगी देऊ शकते; म्हणून प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून ठेवला. नळ्या सोडवण्यापूर्वी पंपावरच्या कोपरांचे (वाकड्या नळीजोडांचे) कोन छायाचित्रात टिपून घेतले, कारण तेच कोपर नव्या पंपावर त्याच दिशेने बसले नाहीत, तर नळीला पीळ पडतो. उजळाईवाडीच्या माळावर वारा धूळ उडवत असतो, तेव्हा सुटलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच टोपण लावले. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडताना भोकात कापडाचा बोळा कोंबला होता, म्हणजे कण आत पडू नयेत.

कसोटी लागते ती प्लंजरशी. पंप काढला की तो खाली घसरतो, आणि घसरलेल्या स्थितीत नवा पंप ढकलला, तर दांडा त्याच्या खाली न जाता बाजूला अडकतो; मग पंप चालत नाही, किंवा दांडा मोडतो. मी प्लंजरला घट्ट ग्रीस लावून वर चिकटवला आणि सहकाऱ्याला पंखा हळूहळू फिरवायला सांगितले. कॅमचा उंच भाग पुढे सरकताच प्लंजर बोटाखाली आत गेल्याचे स्पष्ट जाणवले. आरशात पाहून खात्री केली आणि पंप सरकवला, तेव्हा तो हाताच्या जोरावरच गॅस्केटला टेकला. तो टेकेना, स्प्रिंग मागे ढकलत असेल, तर बोल्टांनी ओढून बसवू नये. कॅमची जागा पुन्हा पाहावी, असे माझे ठाम मत आहे. बोल्ट आळीपाळीने आवळले. उद्यमनगरचा पाना फक्त बोल्ट जागेवर आणायला वापरला. शेवटचा आवळ कॅलिब्रेशन झालेल्या टॉर्क पान्याला (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याला) क्रोफूट, म्हणजे पान्याचे सुटे तोंड, काटकोनात लावून दिला, कारण काटकोनात लावल्यास टॉर्कच्या आकड्यात दुरुस्ती करावी लागत नाही. कोपरांच्या आट्यांना इंधनात न विरघळणारे सीलंट लावले, पहिला आटा मोकळा ठेवून. टेफ्लॉनची पट्टी इथे वापरत नाहीत. तिचा तुकडा सुटून कार्ब्युरेटरमध्ये अडकू शकतो.

प्लग आणि बॅटरी परत लावल्यावर आधी फक्त विजेवरचा पंप चालवून प्रत्येक सांधा पांढऱ्या टिश्यूने पुसून पाहिला. निळसर ओल कुठेच उमटली नाही. मग इंजिन सुरू करून विजेवरचा पंप बंद केला. काटा किंचित हलला आणि ५ पीएसआयच्या आसपास स्थिर झाला. वेग वाढवल्यावरही तिथेच राहिला. इंजिन थांबवून गरम असतानाच सांधे पुन्हा तपासले, सहकाऱ्यानेही स्वतंत्रपणे पाहिले, आणि मग लॉगबुकात जुन्या-नव्या दोन्ही पंपांचे अनुक्रमांक लिहून सेवायोग्यतेच्या दाखल्यावर सही केली.

जुन्या पंपाला लाल चिठ्ठी बांधून तो वेगळ्या कपाटात कुलूपबंद केला. मिस्त्रींना तो नमुना म्हणून हवा होता. मी दिला नाही.