बागेलेन, पण सुमात्रातलं: लांपुंगच्या गेडोंग तातानला दोन दिवस

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते म्हणजे तुमचा घोळ होणार नाही. फोनच्या मॅपमध्ये नुसतं 'बागेलेन' टाकू नका. तो तुम्हाला इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं, पुरवोरेजोजवळचं बागेलेन दाखवतो आणि आपल्याला जायचंय ते समुद्राच्या अलीकडे, सुमात्राच्या अगदी खालच्या टोकाला, लांपुंग प्रांतात. माझं हेच झालं. बांदार लांपुंगला, म्हणजे प्रांताच्या राजधानीत, हॉटेलखाली ड्रायव्हरला मॅप दाखवला तर तो बघतच राहिला, मग म्हणाला, बु (म्हणजे बाई), हे तर जावातलं, माझ्या पणजोबांचं, तुम्हाला जायचंय ते इथून तासाभरावर. नाव एकच, कारण तिकडून उठून आलेल्या लोकांनीच इकडचं गाव वसवलं, 1905 साली, आणि येताना नावही सोबत घेऊन आले.

मी गेले ती याच गोष्टीसाठी. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं, घरच्यांना रायगडात जमीन मिळाली आणि नव्या वस्तीला नाव दिलं ते जुन्याच गावाचं. लहानपणापासून 'गाव' म्हणजे दोन, एक पाण्याखालचं आणि एक राहायचं, हे ऐकत मोठी झाले. त्यामुळे जिथे सरकारनेच लाखो लोकांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेऊन वसवलं, ती पहिली जागा बघायची हे बरीच वर्षं मनात होतं.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथे बघायला तुम्हाला नुसती भातशेती आणि नारळाची झाडं दिसतील. 1901 मध्ये डच राणी विल्हेल्मिनाने भाषणात सांगितलं की वसाहतीतल्या लोकांप्रती नेदरलँड्सचं नैतिक कर्तव्य आहे, त्यातून जे धोरण आलं त्याची तीन कलमं होती, पाटबंधारे, शिक्षण आणि स्थलांतर. जावात माणसं दाटीवाटीने राहत होती, केडू भागात तर एकेका घराला वाट्याला येणारी जमीन हाताएवढी. समोर सुमात्रात जंगल मोकळं. हेयटिंग नावाच्या अधिकाऱ्यावर काम सोपवलं गेलं आणि 1905 च्या नोव्हेंबरात केडूतली पहिली 155 कुटुंबं गेडोंग तातानला, म्हणजे आजचं बागेलेन आहे त्या भागात, आणली गेली. बोटीने तेलुक बेतुंगच्या बंदरात (ते आता बांदार लांपुंग शहराचाच भाग आहे), आणि तिथून आत जंगलात. घरामागे जमीन साधारण एक हेक्टर, त्यात 70 गुंठे भातखाचर आणि 30 गुंठे घर-परसबाग. कागदावर खाचर, प्रत्यक्षात सगळी झाडी. ती तोडायची, मुळं काढायची, बांध घालायचे, पाणी आणायचं, मग भात.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या तेलुक बेतुंगला ही माणसं उतरली ते बंदर 22 वर्षांपूर्वीच, 27 ऑगस्ट 1883 ला, क्राकाटोआ ज्वालामुखीच्या लाटेने धुऊन नेलं होतं. तिथल्या एका बागेत अजून एक भलामोठा लोखंडी बोया ठेवलाय, बोटी बांधायचा, लाटेने उचलून आत आणून टाकलेला. बांदार लांपुंगला असाल तर अर्धा तास काढून बघाच. मी हात लावून पाहिला, माझ्या उंचीहून मोठा, आणि त्या किनाऱ्यावर बायकापोरं घेऊन उतरलेल्या लोकांना काय वाटलं असेल हे तिथे उभं राहून जास्त कळतं.

गेडोंग तातान आता पेसावारान जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे. जिल्ह्याला तिकडे काबुपातेन म्हणतात, तालुक्याला केचामातान, आणि गावाला देसा, हो, आपल्या 'देश' वरूनच, गावचा प्रमुख म्हणजे 'केपाला देसा'. हा जिल्हा 2007 मध्येच झाला, त्याआधी दक्षिण लांपुंगमध्ये होता, म्हणून जुन्या पुस्तकात शोधलंत तर सापडणार नाही. बांदार लांपुंगहून प्रिंगसेवू-कोता आगुंगकडे जाणाऱ्या रस्त्याने निघायचं, शहर संपलं की रबराचे मळे लागतात, सरळ रांगा, खोडाला बांधलेल्या छोट्या वाट्या, आणि मग एकामागून एक पाट्या येतात, बागेलेन, कारांगान्यार, कुतोआर्जो. ही सगळी मध्य जावातली नावं. माझ्या ड्रायव्हरने वेग कमी करून एकेक वाचून दाखवलं.

म्युझियम बागेलेनमध्येच मेन रोडला आहे, म्युझियम नासियोनाल केट्रान्समिग्रासियान, 2004 चं. देशातलं स्थलांतर याच विषयाचं म्युझियम. गर्दी अजिबात नव्हती, शाळेचा एक ग्रुप आणि मी. जुने फोटो, शेतीची अवजारं, नकाशे. माहिती बहुतेक सगळी इंडोनेशियनमध्ये आहे त्यामुळे फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, कॅमेरा धरला की पाटी वाचता येते, आणि घाई करू नका, दोन तास ठेवा. निघायच्या आधी हॉटेलवाल्यांना सांगून फोन करून घ्या की उघडं आहे का, सुट्ट्या तिकडे भरपूर असतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कुठेच काम होत नाही हे धरून चाला.

म्युझियममध्ये काम करणाऱ्या एका ताईंनी मला त्यांच्या आजीकडे नेलं, चालत दहा मिनिटं. दारात उभं राहून 'कुलो नुवून' म्हणायचं, आत यायची परवानगी मागायची जावानीज रीत, हे त्यांनी वाटेतच शिकवलं आणि मी ते म्हटल्यावर आतून 'मोंग्गो, मोंग्गो' असा आवाज आला आणि आजीच बाहेर आल्या. आजी-आजोबा दोघांनाही तिकडे 'म्बाह' म्हणतात. म्बाहने चहा दिला, खूप गोड, आणि केळीच्या पानात बांधलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळून दिलं. मग मी शेतीबद्दल विचारतेय म्हटल्यावर त्या उठल्या आणि कपाटावरून एक वस्तू घेऊन आल्या. तळहातात मावेल एवढी लाकडाची पट्टी, तिच्यात बसवलेलं छोटं पातं, आडवी बांबूची दांडी. तिचं नाव आनी-आनी. याने भाताची लोंबी एकेक करून कापायची, बोटांच्या मधे दांडी धरून पातं मुठीत लपलेलं. लपलेलं का, तर भात म्हणजे देवी श्री, तिला पातं दिसलं तर ती घाबरते. देवी श्री! आपली लक्ष्मीच की. म्बाह मुसलमान, रोज पाच वेळा नमाज पढणाऱ्या, आणि हे सगळं त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या. आता कापणी विळ्याने नाहीतर मशीनने होते, आनी-आनी कपाटावर. लाकूड एका बाजूला अंगठा घासून घासून खोलगट झालेलं होतं, त्यांच्या सासूच्या हातचं.

त्यांनीच 'बावोन' समजावलं, आणि मला वाटतं लांपुंगची वस्ती कशी वाढली हे कळायला हा एक शब्द पुरेसा आहे. कापणीला जो येईल त्याला मजुरी पैशात नाही, कापलेल्या भातातला वाटा, तो बावोन. 1930 च्या दशकात, मंदीमुळे सरकारकडे पैसे नव्हते, तेव्हा याच रिवाजावर अख्खी योजना उभी केली गेली. नवी कुटुंबं मुद्दाम कापणीच्या आधी आणायची, त्यांनी आधी आलेल्यांच्या शेतात कापणी करायची, जावात मिळायचा त्याहून मोठा वाटा घ्यायचा, त्यावर पहिले महिने काढायचे आणि तोवर आपली जमीन साफ करायची. म्हणजे आधी आलेले लोकच नंतरच्यांना पोसणार. 1941 पर्यंत असे सुमारे 2 लाख लोक जावातून बाहेर आले, बहुतेक लांपुंगलाच. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या डिसेंबरात हीच गोष्ट 'ट्रान्समिग्रासी' या नावाने परत सुरू झाली, 12 डिसेंबर हा अजून तिकडे त्याचा दिवस म्हणून पाळतात, आणि 1979 ते 84 या पाच वर्षांत तर जवळजवळ 25 लाख माणसं हलवली गेली, सुमात्रा, कालिमंतान, सुलावेसी, पापुआ.

दुसऱ्या दिवशी मेत्रो नावाच्या शहरात जा, दिवस फुकट जाणार नाही. हे 1930 च्या दशकात वसवलेलं, आता टुमदार शहर आहे. आजूबाजूच्या वस्त्यांना तेव्हा नुसते नंबर दिलेले, त्याला 'बेडेंग' म्हणायचे, आणि लोक अजून नंबरच बोलतात! रिक्षावाल्याला इरिंगमुल्यो म्हणण्यापेक्षा '15 आ' म्हटलं की लगेच कळतं. मेत्रोचं पाणी येतं वाय सेकांपुंग नदीवरच्या आर्गोगुरुह बंधाऱ्यातून, 1935 चा, आणि हा बंधारा पेसावारानच्याच हद्दीत आहे. (लांपुंग भाषेत 'वाय' म्हणजे नदी.) कालवे खणले ते वसाहतीला आलेल्या माणसांनीच. मी कालव्याच्या कडेने संध्याकाळी चालले, पोरं उड्या मारत होती, बायका घरी जात होत्या. वाटेत प्रिंगसेवू करायचं असेल तर ते उलट्या दिशेला आहे, वेगळा अर्धा दिवस ठेवा, नावाचा अर्थ हजार बांबू, 1925 ला बांबूचं बन तोडून वसलेलं.

पण एवढंच बघून परत आलात तर गोष्ट अर्धीच कळेल. जंगल मोकळं होतं असं मी वर लिहिलं ते डचांच्या नजरेने. लांपुंगचे मूळ लोक तिथे होतेच, जमीन त्यांच्या कुळांची होती (कुळाला तिकडे 'मार्गा' म्हणतात), ते मिरी पिकवायचे, बांतेनच्या सुलतानाला मिरी इथूनच जायची. आज प्रांतात जावानीज साठ टक्क्यांहून जास्त आणि लांपुंगचे मूळ लोक सहातले एकही नाहीत. आपल्याच मातीत अल्पसंख्य होणं सोपं नाही. प्रांताचं ब्रीदच 'साई बूमी रुवा जुराई' आहे, एक भूमी, दोन कुळं, मूळचे आणि आलेले. बहुतेक ठिकाणी नांदतात, पण 2012 मध्ये दक्षिण लांपुंगात बालीहून आलेल्यांच्या गावावर मोठा हल्ला झाला होता, दहाहून जास्त माणसं मेली. त्यामुळे बांदार लांपुंगचं रुवा जुराई म्युझियम चुकवू नका, राजाबासा बस स्टँडपासून जवळ आहे. तिथे तापिस बघा, सोन्याच्या जरीने भरलेलं कापड, आपल्या पैठणीसमोर उभं राहावं तसं मी उभी राहिले. आणि लांपुंगची लिपी बघा, का-गा-ङा नावाची. शहरातल्या रस्त्यांच्या पाट्यांवरही आहे. का गा ङा, पा बा मा, ता दा ना. पाटीवर गिरवलेली बाराखडी कुणीतरी दूरच्या चुलत बहिणीने म्हणून दाखवावी तसं वाटतं. मूळ एकच, ब्राह्मी.

आता जाण्याचं. भारतीय पासपोर्टला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदा वाढवता येतो, ऑनलाइन आधीच काढून ठेवलात तर रांग वाचते. जकार्ताहून बांदार लांपुंगला छोटं विमान आहे, पण माझं ऐका आणि एकदा तरी बोटीने जा, कारण ही सगळी माणसं समुद्र ओलांडूनच गेली. जकार्ताच्या गांबीर स्टेशनहून दामरी या सरकारी कंपनीची बस मिळते, बससकट फेरीत. स्वतःहून जात असाल तर मेराक ते बाकाउहेनी साधी फेरी साधारण दोन तास, एक्सप्रेस त्याहून लवकर, तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं, बंदरावर काउंटर शोधू नका. पलीकडे उतरलं की टेकडीवर पिवळा सिगेर टॉवर दिसतो, लांपुंगच्या नवरीच्या मुकुटाच्या आकाराचा, आणि तिथून 2019 पासून टोल रोड आहे. ईदच्या आगेमागे मात्र जाऊच नका, लांपुंगमधले जावानीज तेव्हा गावी निघतात, याला 'मुदिक' म्हणतात, बंदरावर तासन् तास अडकाल. जून ते सप्टेंबर पाऊस कमी.

शहरात अ‍ॅपची टॅक्सी मिळते, गावाकडे परत येताना मिळेलच असं नाही, म्हणून दिवसभरासाठी गाडी ठरवा किंवा अंधार पडायच्या आत अंगकोत, म्हणजे शेअरची छोटी व्हॅन, पकडा. मी एका संध्याकाळी तासभर रस्त्याच्या कडेला उभी होते, शेवटी एका दुकानदार काकूंनी त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलवर सोडलं. कॅश जवळ ठेवा, सुट्टे ठेवा.

शाकाहारी लोकांना उपाशी राहावं लागत नाही, तेम्पे, ताहू म्हणजे टोफू, पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची झणझणीत चटणी, हे सगळीकडे. फक्त 'तान्पा तेरासी' म्हणायला शिका, तेरासी म्हणजे कोळंबीचा वाटलेला मसाला, तो चटणीत गुपचूप असतो. मासे खाणाऱ्यांनी सेरुइत, म्हणजे चटणीसोबतचा भाजलेला मासा, खावं, ते खास लांपुंगचं. येताना केळ्याचे वेफर्स आणि रोबस्टा कॉफी.

निघताना म्बाहनी माझ्या गावाचं नाव विचारलं. मी कोयनेचं सगळं सांगितलं, ताई जावानीजमध्ये करून सांगत होत्या. पाण्याखालच्या गावाचं आणि नव्या गावाचं नाव एकच, हे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली, आणि मग त्यांना ते नाव नीट म्हणायचं होतं, तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. जावातलं बागेलेन त्यांनी स्वतः कधीच पाहिलेलं नाही. मी पुढच्या आठवड्यात पुरवोरेजोला जाणार होते, तर म्हणाल्या, तिथलं पाणी कसं लागतं ते बघ आणि हिला मेसेज कर. पाहिलं, आणि केला.