आज भाजी कोणती?

इंदुरात शेताचा वाटा घेतला की हा रोजचा प्रश्न आपल्या हातात राहत नाही. शेतावरून दर आठवड्याला येणारी टोपली सांगेल ती भाजी. ऑगस्टमध्ये टोपली म्हणते गिलकी. पुढच्या आठवड्यातही गिलकी. (पुण्याच्या पाहुण्यांसाठी: घोसाळी.) तिसऱ्या आठवड्यात तिची भजी होतात, चौथ्यात सालींची चटणी.

व्यवहार साधा आहे. हंगामाचे पैसे पेरणीआधी द्यायचे आणि दर आठवड्याला पिकेल त्यातला वाटा घ्यायचा. बलुत्यात काम आधी आणि सुगीला धान्य, इथे पैसे आधी आणि भाजी मागून. भिशीशी तुलना मात्र करू नये. भिशीत रक्कम ठरलेली असते, इथे पावसाने दगा दिला तर टोपलीही हलकी होते.

चौघांच्या घराला आठवड्याला ५-६ किलो पुरतात, त्यात पालेभाजीच्या दोन-तीन जुड्या. दोघंच असाल आणि डबा बाहेरून येत असेल तर अर्धा वाटासुद्धा फ्रिजमध्ये सडेल.

पैसे देण्याआधी 'सेंद्रिय आहे ना?' असं विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. 'मेथी किती वेळा पेरता?' असं विचारा. जाणता शेतकरी मेथी, पालक, कोथिंबीर दर १०-१५ दिवसांनी थोडी थोडी पेरतो. एकदम पेरणाऱ्याकडून एका आठवड्यात सात जुड्या येतात आणि मग महिनाभर काही नाही. कागद बघायचाच असेल तर पीजीएस-इंडिया या सरकारी योजनेचं सेंद्रिय प्रमाणपत्र बघा. त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. 'ग्रीन' म्हणजे जमीन अजून रासायनिक शेतीतून बाहेर पडते आहे, 'ऑरगॅनिक' म्हणजे पडली.

मग खताचा ढीग बघायला जा. इंदूरकराला तो हक्कच आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या शेती संशोधन संस्थेत होते आणि त्यांची कंपोस्टची रीत 'इंदूर पद्धत' म्हणूनच जगभर गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, तीनदा उलथापालथ, साधारण तीन महिन्यांत खत. मूठभर उचलून दाबा. गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. सडका वास आला तर ढिगात हवा नाही. कोरडा आणि मुंग्या लागलेला असेल तर पाणी पडलेलं नाही, आत काही कुजतच नाहीये.

टोपली हलकी होण्याची कारणंही इथलीच. माळव्याची काळी माती पाऊस पडला की पाय धरते. दोन-तीन दिवस शेतात शिरताच येत नाही आणि तोवर भेंडी जून होते. जून-जुलैत उन्हाळी वेल संपलेले असतात, पावसाळी अजून लागलेले नसतात. तेव्हा कांदे, बटाटे आणि कद्दूवर भागवायचं. थंडीत पाला पडतो. हा हिंदीतला पाला, दवाचा बर्फ. तो मटारवर पडला की मराठीतला पाला रात्रीत काळा पडतो.

घरी आल्यावर पालेभाजी धुवायची नाही. जुडीचा दोरा सोडा, पिवळी पानं काढा, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मुळ्या-गाजरांचा पाला लगेच कापा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि गाजरं रबरासारखी होतात. (मुळ्याच्या पाल्याची भाजी त्याच दिवशी.) फ्लॉवरमध्ये अळी निघणारच. तुरे सुटे करून १५ मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, की अळ्या वर तरंगतात. अळी दिसली म्हणून टोपली परत पाठवणाऱ्याने वाटा घेऊच नये.

आणि थंडीत एक दिवस तळाशी मातीने माखलेला, झाडाच्या मुळासारखा गराडू नावाचा कंद निघतो. तो धुवू नका, फ्रिजमध्येही नको. करायच्या दिवशी हाताला तेल चोळून सोला, नाहीतर खाज सुटते. चौकोनी तुकडे मंद आचेवर तळा, निववा, वाटीच्या बुडाने जरा दाबा आणि कडकडीत तेलात पुन्हा सोडा. वर जीरावन (इंदुरी मसाला) आणि लिंबू. पोळी कोणी मागत नाही.