विंडस्क्रीनमागचा वारा : सात महिन्यांच्या खटपटीची नोंद

मागच्या नोंदीत मी मोटारसायकलच्या हँडलपुढे आखूड विंडस्क्रीन काढून उंच काच बसवल्याचे मोठ्या आनंदाने कळवले होते. तो आनंद पहिल्याच लांबच्या फेरीत ओसरला. छातीवर येणारा वारा थांबला आणि जॅकेटची फडफडही थांबली. पण ताशी ७० किलोमीटरच्या पुढे कुणीतरी मागून टपल्या मारत असल्यासारखे हेल्मेट हलू लागले आणि पुढच्या ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरे वाचता येईनाशी झाली. जुन्या आखूड काचेमागे वारा भरपूर लागत असे, पण एकसारखा लागत असे, आणि त्याच्यावर थोडे रेलून बसले की मान निवांत राहत असे. त्यामुळे वारा अडवायचा की तो फाटू द्यायचा नाही, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, असे आता वाटते.

चाचणीसाठी मी पुणे-सातारा महामार्गावरचा खंबाटकी उतरल्यानंतरचा, सुरूर फाट्यापासून पाचवडपर्यंतचा पट्टा ठरवून घेतला. वेळ पहाटेची, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि ट्रकही तुरळक असतात. ट्रकच्या मागे दोन-तीनशे फुटांवर जरी असलो तरी त्याने ढवळलेली हवा आपल्या सगळ्या निष्कर्षांवर पाणी फिरवते. वेग जीपीएसवर ८०, म्हणजे माझ्या स्पीडोमीटरवर ८५. चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादाच ८० ची आहे, तेव्हा त्यापुढच्या वेगाचे आकडे माझ्याकडून मागू नयेत. हेल्मेट, जॅकेट आणि टायरमधली हवा दर वेळी तीच ठेवली. मोबाईलवरचे डेसिबल मोजणारे ॲप दोनदा वापरून सोडून दिले, कारण मायक्रोफोनवर आदळणारा वारा स्वतःच आवाज निर्माण करतो आणि आपण नेमके काय मोजले ते कळत नाही. त्याऐवजी फेरी संपताच वहीत दहापैकी दोन वेगळे गुण लिहिले, एक धक्क्यांना आणि एक आवाजाला; त्रास जितका जास्त तितका गुण जास्त. हे दोन गुण वेगळे ठेवले नसते, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार झाला असता.

निदानाची पहिली पायरी फुकटची आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर फूटरेस्टवर हळूच उभे राहायचे. चार-पाच इंच वर गेल्यावर माझे धक्के एकदम थांबले, वारा मात्र पूर्ण जोराने लागला. मग टाकीवर वाकलो, तेव्हाही शांत. याचा अर्थ काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा, भोवऱ्यांनी भरलेला हवेचा थर नेमका माझ्या हनुवटीपासून कपाळापर्यंतच्या पट्ट्यातून जात होता. येथे थोडे गणित उपयोगी पडते. अडथळ्यामागे भोवरे सुटण्याची वारंवारता ढोबळमानाने वेगाच्या ०.२ पट भागिले अडथळ्याची रुंदी इतकी असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. काच ३० सेंटिमीटर रुंद धरली तर सेकंदाला सुमारे १५ भोवरे येतात. हा ऐकू येणारा आवाज नव्हे, ही मान हलवणारी थाप आहे. याउलट आरशाच्या १० मिलिमीटर जाडीच्या दांडीमागे हाच हिशेब साडेचारशेच्या आसपास जातो आणि तो गुणगुणल्यासारखा ऐकू येतो.

दुसरी पायरी लोकरीची, हवा कुठून कुठे वाहते ते डोळ्यांना दिसावे म्हणून. घरातल्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर घेऊन बोटभर लांबीचे बावीस तुकडे कापले आणि मास्किंग टेपने काचेच्या आतल्या बाजूला, कडांवर आणि टाकीच्या पुढच्या भागावर चिकटवले. काचेच्या वरच्या कडेवरचे धागे वेड्यासारखे गोल फिरत होते, ते अपेक्षितच होते. पण टाकीवरचे धागे पाहून मी चक्क वेग कमी केला. ते सगळे पुढच्या दिशेने, हँडलकडे तोंड करून ताठ उभे होते. गाडी ८० ने पुढे जात आहे आणि माझ्या पोटाजवळची हवा मागून पुढे वाहत आहे! काचेमागे दाब कमी झाला की ती पोकळी भरायला हवा माझ्या पाठीमागून, खांद्यांवरून आणि दोन्ही बगलांतून आत ओढली जाते. वरून येणारा प्रवाहही खाली ओढला जाऊन हेल्मेटवर कोसळतो. काच जितकी मोठी आणि खालून जितकी बंद, तितकी ही ओढ अधिक.

हे कळायच्या आधी मी नेमकी उलटी चूक करून बसलो होतो. हेडलाइट आणि काच यांच्यामधल्या फटीतून वारा येतो असे वाटून ती फट गादीच्या स्पंजने गच्च भरली होती. त्या दिवशीचा धक्क्यांचा गुण दहापैकी नऊ आहे. स्पंज काढल्यावर सात, आणि काचेखालचा प्लास्टिकचा शोभेचा तुकडाही काढून टाकल्यावर सहा.

मग फट मुद्दाम वाढवायला घेतली. काच चार एम-५ बोल्टांवर बसते. लेथवाल्याकडून नायलॉनच्या रॉडचे ५, १०, १५ आणि २० मिलिमीटर लांबीचे बुश (बोल्टवर चढवायची पोकळ नळकांडी) करून घेतले आणि तितकेच लांब बोल्ट आणले. पाचने काहीच फरक पडला नाही. दहाने टाकीवरचे धागे लोळू लागले, म्हणजे ते ना पुढे होते ना मागे. पंधरावर ते माझ्याकडे वळले आणि धक्क्यांचा गुण चारवर आला. वीसवर तो साडेतीन झाला, पण खराब रस्त्यावर काच थरथरू लागली आणि बोल्टांवर येणारा ताण पाहवेना, म्हणून पंधरावर परतलो. खालून येणारी ही हवा छातीवर हलका झोत देते. हिवाळ्यात तो नकोसा वाटेल, मेमध्ये मात्र वरदान आहे.

कोनाचा प्रयोग अशाच बुशांनी झाला. खालच्या बोल्टांना १५ आणि वरच्यांना ८ मिलिमीटरचे बुश लावले की काच मागे कलते. दोन बोल्टांतले अंतर १४० मिलिमीटर असल्याने हा कल जेमतेम ३ अंशांचा होतो. इतक्यानेही थर सरकतो, पण माझ्या बाबतीत तो खाली, म्हणजे चुकीच्या बाजूला सरकला. उलट लावून काच थोडी उभी केली, तेव्हा आवाज वाढला. कोन पूर्ववत केला.

शेवटी बुशांनी नाही सुटले ते करवतीने सोडवले. काचेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, पेनने रेघ मारून, बारीक दात्यांच्या हॅक्सॉ ब्लेडने वरचे ४५ मिलिमीटर कापले आणि कड कानशीने गोलसर करून १२०, ४०० आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासली. थर आता हनुवटीच्या खाली, खांद्यांच्या पातळीवर येतो आणि हेल्मेटला स्वच्छ, एकसंध वारा मिळतो. धक्क्यांचा गुण दोन. जी काच आखूड म्हणून बदलली, तिच्याहून ही आता जेमतेम तीन बोटे उंच आहे, हे घरात अजून कुणाला सांगितलेले नाही.

परत बसवताना बोल्ट जरा जास्त आवळला आणि खालच्या कोपऱ्यात ॲक्रिलिकला नखाएवढी भेग गेली. भेगेच्या टोकाशी ३ मिलिमीटरचे भोक सावकाश पाडले की ती पुढे सरकत नाही. चार महिन्यांत सरकलेली नाही. ज्यांची काच पॉलिकार्बोनेटची आहे त्यांना तडकण्याची भीती कमी, पण बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे थ्रेडलॉकर हे चिकट द्रव त्या प्लास्टिकवर सांडू देऊ नये, त्याने बारीक भेगांचे जाळे पडते. नायलॉन लॉकनट वापरावा हे बरे.

आवाजाचे प्रकरण वेगळेच निघाले. धक्के नऊवरून दोनवर आले तरी आवाज आठवरून सहावरच अडकला, कारण स्वच्छ वाराही हेल्मेटभोवती घोंगावतोच. बराचसा आवाज हनुवटीच्या खालून आणि मानेच्या फटीतून आत शिरतो. हनुवटीखाली कापडी पडदा आणि गळ्याला घट्ट मफलर लावल्यावर गुण पाचवर आला. एक बारीक शिट्टी मात्र जाईना. हेल्मेटच्या प्रत्येक फटीवर पाळीपाळीने चिकटपट्टी लावून पाहिले, तेव्हा ती टाळूवरच्या अर्धवट उघड्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यातून, येत असल्याचे कळले. व्हेंट पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवले की शिट्टी थांबते.

उरलेल्या आवाजावर माझ्याकडे कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांखेरीज उपाय नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नियॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास सोसावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये ९० च्या पुढचा आवाज सहज असतो आणि सातारा दोन तासांवर आहे. बोळा पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. अर्धवट बसलेला बोळा निरुपयोगी असतो. हॉर्न ऐकू येतो का, असे विचारणाऱ्यांना सांगतो की वाऱ्याची भणभण दबल्यामुळे तो उलट अधिक स्पष्ट कळतो.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. मागे बसणाऱ्याची जागा उंच असल्याने माझ्या डोक्यावरून सुटणारे भोवरे पत्नीच्या हेल्मेटवर आदळतात आणि काच कापल्यानंतर तिचा गुण चारवरून पाचवर गेला आहे. सामानपेटीच्या पाठटेकूने ती थोडी मागे टेकून बसली की बरे वाटते, एवढेच सध्या जमले आहे. दुसरे, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडून परत येताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो आणि काचेच्या डाव्या कडेवर पुन्हा तीच थाप सुरू होते. त्यासाठी बाजूला लावायच्या छोट्या पट्ट्या काचेच्या कापलेल्या तुकड्यातून करायच्या आहेत. तोवर डाव्या कडेवरचे सहा लाल धागे काढलेले नाहीत, आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा दर वेळी विचारतो की हे नजर लागू नये म्हणून आहेत का.