सात मिनिटं तुमची

मिरजेतल्या आमच्या ऐकणाऱ्यांच्या मंडळाची वार्षिक बैठक माघातल्या एका रविवारी सकाळी भरायची. गाणारं-वाजवणारं कुणी नाही, सगळे कानसेन. सध्या आपण काय ऐकतोय ते प्रत्येकानं सोबत आणायचं, सगळ्यांना ऐकवायचं आणि ते का ऐकतोय हे सांगायचं. एवढ्यासाठी लोक सकाळी आठला सतरंजीवर जागा धरून बसलेले असत.

पंधरा दिवस आधी घरोघर चिठ्ठी जायची. तीत रकाने मोजकेच: कुणाचं, कोणता राग किंवा कोणतं गाणं, कशावर आहे (रेकॉर्ड, कॅसेट, फोन), कुठून लावायचं आणि का. वेळ ठरलेली, संगीताला सात मिनिटं आणि बोलायला तीन. हे सात दहा इंची रेकॉर्डवरून आले होते. तिची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. दोन्ही बाजू, मध्ये उलटायला आणि सुई बदलायला अर्धं मिनिट, की झाली सात. एलपीवाल्यांना हा नियम सुरुवातीला जाचायचा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, त्यातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, तोडायचा कुठे? पण त्यामुळेच ‘कुठून लावायचं’ हा रकाना भरताना माणसं आपलीच आवडती रेकॉर्ड घड्याळ घेऊन पुन्हा ऐकत.

‘का’ या रकान्यात ‘फार गोड आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी परत यायची. ज्येष्ठ मंडळी त्याबाबत प्रेमळ पण हट्टी होती. ‘गोड आहे ते आम्हाला ऐकू येईलच, तुम्ही जागा सांगा,’ असं म्हणत. मग हळूहळू नेमकं लिहिलं जाऊ लागलं: अंतरा संपवून मुखड्यावर येताना शब्द मागे रेंगाळतो आणि तरी सम (तालाची पहिली मात्रा) चुकत नाही, ती जागा. तार षड्जावर आवाज ठेवल्यावर सारंगी खालून सूर भरते, ती जागा. गायकाचं चरित्र, त्याचे गुरू, त्याला मिळालेले मान यांतच तीन मिनिटं घालवणाऱ्याला मध्येच थांबवलं जाई, आणि ते योग्यच होतं. ‘का’चं उत्तर गाण्यातच सापडतं, म्हणून बोलणं आधी आणि गाणं नंतर हा क्रम कधी मोडला नाही. कुठे कान द्यायचा हे कळलेले चाळीस लोक एकाच क्षणी मान हलवतात, हे दृश्य त्या बैठकांमध्येच पाहायला मिळालं.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्याशिवाय मिरजेतली बैठक होणं शक्य नव्हतं. त्यांचं घर इथलं, ते गेले १९३७ साली, आणि ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. त्यांच्या रेकॉर्ड घेऊन कुणी ना कुणी यायचंच, आणि तेव्हाच वेगाचा वादही निघायचा. रेकॉर्डवर ‘७८’, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या, असं छापलेलं असलं तरी १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीच्या पुष्कळ रेकॉर्ड त्याच वेगानं भरलेल्या नाहीत. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर जवळजवळ एका पट्टीनं सरकतो: काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, आवाज बारीक होतो आणि तान उगाच चपळ वाटते. म्हणून आधी यंत्र तपासलं जाई. तबकडीवर सत्त्याहत्तर काळ्या पट्ट्यांची कागदी चकती ठेवायची आणि घरगुती विजेवरच्या निऑनच्या छोट्या दिव्याखाली ती फिरवायची. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही, कारण त्यांचा उजेड विजेबरोबर लुकलुकत नाही. यंत्र जुळलं की रेकॉर्डमधली साथीची पेटी समोरच्या पेटीशी ताडायची. तिचा सूर समोरच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकला असेल तर बहुधा वेगात घोळ आहे. मग गवयाच्या नेहमीच्या पट्टीकडे नेऊन कानानं ठरवायचं. जुन्या पेट्याही एकसारख्या नसत, त्यामुळे हा अंदाजच. पण त्या पाच मिनिटांत गाण्याचा चेहरा बदलताना सगळे ऐकत असत.

चावीच्या ग्रामोफोनची जबाबदारी एकाच माणसाकडे. प्रत्येक बाजूआधी पूर्ण चावी द्यायची, नाहीतर शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्प्रिंग ढिली पडून आवाज रडवेला होतो. पोलादी सुई एका बाजूला एक. ती वाचवायची नाही. लाखेच्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम दगडाची पूड असते. ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की तिच्या धारेनं खाच खरवडली जाते, आणि एकदा गेलेला सूर परत येत नाही. विजेच्या प्लेअरवर लावायची तर सुई जाड हवी, तीन मिलची, म्हणजे सुमारे पंचाहत्तर मायक्रॉनची. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचराच ऐकवते. कुणी रेकॉर्ड स्पिरिटनं पुसून आणली की सगळे हळहळत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, मधलं लेबल कोरडं ठेवायचं आणि रेकॉर्ड उभी करून वाळवायची. पावसाळ्यानंतरची बुरशीही एवढ्यानं बहुतेक निघते.

शाळकरी मुलांना सगळ्यात जास्त आवडायचा तो फार जुन्या रेकॉर्डचा शेवट. गाणं संपता संपता गायिका आपलं नाव सांगते. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण झालेल्या गौहर जान इंग्रजीत ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणतात. मेणावरचं मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं लेबल लावायचं ते कळावं, म्हणून ही सोय. मुलं ते वाक्य पुन्हा पुन्हा लावायला सांगत, आणि त्या निमित्तानं तीन मिनिटांची ठुमरीही मुकाट ऐकत.

क्रम रागाच्या वेळेनं लागे: आधी तोडी, मग जौनपुरी, उन्हं चढली की सारंग. भैरवी शेवटी. भैरव्या दरवर्षी तीन-चार येत, मग चिठ्ठ्या टाकून एकच ठेवायची. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ आली की मात्र चिठ्ठ्या कुणी टाकत नसे. गोव्यातल्या केरीच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती आणणारा ‘का’मध्ये यानाचं नाव न लिहिता एका श्वासाची लांबी लिहायचा.

जुनं आधी आणि नवं नंतर, हेही त्या क्रमात सांभाळलेलं असे. कान खरखरीला दहा मिनिटांत सरावतात, पण स्वच्छ डिजिटल आवाजानंतर लगेच लाखेची रेकॉर्ड लावली की फक्त खरखरच ऐकू येते. फोनवाल्यांना दोन गोष्टी बजावलेल्या असत: एअरप्लेन मोड आणि वायर. ब्लूटूथ मध्येच तुटतं किंवा तिसऱ्याच्याच फोनला जाऊन जोडलं जातं. प्रत्येकाच्या गाण्याचा आवाज बैठकीआधी जुळवून बटणापाशी चिकटपट्टीवर नावासह खूण केलेली असायची, त्यामुळे कुणाचं गाणं अंगावर आलं नाही की ऐकू आलं नाही असं झालं नाही.

कॉलेजातल्या मुलांनी बीट्सचं संगीत आणायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या ‘का’मध्ये एकच शब्द असे, ‘बेस’. मंडळाचे छोटे स्पीकर तो देतच नव्हते. चार इंची पडद्यातून शंभर हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर येत नाही. मुलांचं म्हणणं मान्य करून मोठे स्पीकर आले. ते भिंतीपासून हातभर पुढे ठेवले, समोर सतरंज्या, मागच्या उघड्या भिंतीवर गोधड्या. त्यानंतरच्या बैठकीत एलपीवरच्या डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज ज्येष्ठांनी जसा ऐकला तसा त्यांच्याच रेकॉर्डवर आधी कधी ऐकला नव्हता. पुढच्या चिठ्ठ्यांमध्ये ‘डग्गा ऐका’ असं लिहिणारे सत्तरीचे होते.

चहा-पोह्यांच्या वेळी वहीत नोंद व्हायची: गाणं, आणणाऱ्याचं नाव, सांगितलेली जागा, रेकॉर्ड असेल तर लेबलवरचा क्रमांक आणि लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांकही, कारण एकच मुद्रण निरनिराळ्या लेबलांखाली पुन्हा पुन्हा निघालेलं असतं. नंतर चिठ्ठीत एक रकाना वाढला: ‘गेल्या वर्षी इथे दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि अजून ऐकत असलेलं’. तो रिकामा ठेवायला हरकत नव्हती. बहुतेक जण तोच आधी भरत.