लुबेनचे १३ गुण

पेशंटला आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विसरभोळेपणा, डिमेन्शिया?’ एवढंच. एमआरआय, बी-१२, थायरॉईड, सगळं जोडलेलं. कान मात्र कुणी तपासले नव्हते. मेमरी क्लिनिकमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की आवाज मोठा करणारं हेडफोनचं यंत्र आमच्या टेबलावर कायम असतं.

काका सत्तरीचे. दर प्रश्नाला आधी मुलाकडे मान वळवायचे. ही आजाराची खूण म्हणून आम्ही नोंदवतो, पण ऐकू न येणारा माणूसही तेच करतो. मुलाला बाहेर बसवलं. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या मोका चाचणीत ३० पैकी १९. पुढच्या भेटीत यंत्र लावून तिचीच पर्यायी आवृत्ती घेतली, म्हणजे आधीचे शब्द लक्षात राहिल्याचा फायदा मिळू नये: २२. तरीही २६च्या, म्हणजे सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या गुणांच्या, खालीच. नंतर आठवायच्या पाच शब्दांपैकी आपणहून एकच आला. शब्द कोणत्या प्रकारातला ते सांगितल्यावर आणखी दोन. या मदतीच्या उत्तरांना गुण नसतात, पण मी ती कडेला लिहून ठेवतेच. इशाऱ्याने शब्द आठवला तर तो आत साठलेला असतो. अल्झायमरमध्ये बहुधा साठवणच कच्ची असते. इथे धड हे नाही, धड ते नाही.

मग माणसांशी किती संबंध उरलाय ते मोजणारी लुबेनची सहा प्रश्नांची प्रश्नावली: तीन नातेवाइकांविषयी, तीन मित्रांविषयी, एकूण ३० गुण. १२च्या खाली आलं की माणूस एकटा पडण्याचा धोका. काकांना १३. आमच्या ज्युनिअरने ‘धोका नाही’ लिहून पान उलटलंसुद्धा. बेरीज करून मोकळं व्हायची ही खोड काही जात नाही. नातेवाइकांचे १२, मित्रांचा १! प्रत्येक भागाला सहाची वेगळी रेषा आहे, ती पाहायचीच नाही? मुलगाही म्हणाला, “घरात सहा माणसं आहेत, एकटे कसे?” ब्रिटनच्या व्हाइटहॉल अभ्यासात साठीच्या सुमारास वरचेवर मित्रांना भेटणाऱ्यांत पुढे डिमेन्शिया कमी दिसला, नातेवाइकांच्या भेटींबाबत तसं दिसलं नाही.

पत्त्यांचा अड्डा एक मित्र वारल्यापासून सुटला, असं मुलगा सांगत होता. काका सांगतात ते निराळं: “कोणतं पान पडून गेलं ते ध्यानात राहीना. भिडू चिडायचा.” साल-महिने जुळवून पाहिले, तर अड्डा मित्र जायच्या आधीच सुटलेला.

इथेच मी अडकले आहे. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरू होऊ शकतात. मग एकटेपणा हे कारण, की आजाराची पहिली पावलं? शिवाय कान. उंच पट्टीचे आवाज गेले की स, श, त, फ गळतात. बोलणं ऐकू येतं, कळत नाही. चौघे एकदम बोलू लागले की नुसता कलकलाट. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपण आणि एकटेपण दोन्ही धरली आहेत, पण एकाच माणसात ती अशी एकमेकांत गुंतलेली असतात की वेगळी काढणं कठीण.

श्रवणयंत्र दोन्ही कानांना दिलंय: आधी शांत खोलीत, मग दोघांच्या गप्पांत, अड्ड्यावर सर्वांत शेवटी. मेंदूला सरावायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी गर्दीत नेलं तर यंत्र खणात जाऊन पडतं. नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली, तिच्यात विशेष काही नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा मोका. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता कसं, हे विचारणारा फॉर्म घरचेच भरतात असा प्रघात आहे. या खेपेला तो मी भिडूकडेही पाठवणार आहे. पान चुकायला लागलं ते नेमकं कधीपासून, हे मुलापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असणार.